बाजाराच्या आदल्या दिवशीचं ताट

आशाताई किंवा आहारतज्ज्ञ घरी येऊन आहाराची चौकशी करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल दिवसभरात काय काय खाल्लं? प्रश्न चांगला आहे, पण त्याचं उत्तर वारावर अवलंबून असतं. गावाचा बाजार मंगळवारी असेल आणि चौकशी बुधवारी झाली, तर मेथीची भाजी, वांगं, टोमॅटो, पोरांना केळं असं सगळं सांगितलं जाईल, आणि ते खरंच असेल. त्याच घरात पुढच्या मंगळवारी सकाळी विचारा, म्हणजे सोमवारचं ताट कळेल. भाकरी, ठेचा, फार तर पातळ आमटी. वहीत कोणता वार लिहिला जातो त्यावर ते घर 'आहार समाधानकारक' ठरतं किंवा 'कमी' ठरतं. म्हणून आहाराची चौकशी दोनदा करावी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आणि बाजाराच्या दिवशी सकाळी. एकदाच जमणार असेल तर दुसरी वेळ धरावी. घरातला पैसा, घरातली दुखणी आणि बाजारापर्यंतचा रस्ता हे तिन्ही त्या आदल्या दिवशीच्या ताटात एकत्र दिसतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या 2000 कॅलरीच्या ताटाचं माप दिलेलं आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध 300 मिली, शेंगदाणे-तीळ वगैरे 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. दोन मोठी आणि दोन लहान माणसं असलेलं घर आपण तीन मोठ्या माणसांइतकं धरू. आठवड्याला भाजी 8.4 किलो, डाळी पावणेदोन किलोच्या वर, फळं 2.1 किलो, शेंगदाणे पाऊण किलो, तेल अर्ध्या किलोच्या वर. धान्य आणि दूध सोडूनच हे साडेतेरा किलो झालं. आठवडी बाजारातून एसटीनं परतणारी बाई दोन हातांत मिळून नऊ-दहा किलो आणते. त्याहून जास्त घेतलं तर फाट्यापासून घरापर्यंतचा एक-दीड किलोमीटर चालवत नाही, आणि गुडघे दुखत असतील तर दहाही होत नाही. म्हणजे पैसे असले तरी सल्ल्यातलं ताट पिशवीत मावत नाही. पिशवीतून पहिल्यांदा काय गळतं? पाणीदार, जड, लवकर नासणारं. म्हणजे भाज्या आणि फळं.

आता पैशाची बाजू. भाजी सरासरी 50 रुपये किलो, डाळ-कडधान्य 130, फळं 50, शेंगदाणे 140 आणि तेल 150 धरलं तर ही पिशवी साडेनऊशेच्या घरात जाते. दूध लिटरला 50 धरलं तर वर तीनशे. मजुरीचा आठवडा हातात पडल्यावर किराणा-भाजीसाठी सातशे रुपये निघत असतील, तर काहीतरी कापावंच लागतं. कापणारी बाई अडाणी नसते. तिनं काय कापलं आणि का कापलं हे नीट ऐकून घेतलं तर निम्मे सल्ले आपोआप बदलतात.

बाजारातल्या वेळेचंच घ्या. दुपारी चार-साडेचारनंतर बाजार उठायला लागतो. ऊन उतरलेलं असतं, पालेभाजी मान टाकते, शेतकऱ्याला माल परत न्यायचा नसतो, आणि सकाळी पंधराला असलेली मेथीची जुडी दहाला दोन होते. तालुक्याच्या गावात राहणारी गृहिणी याच वेळेला बाजारात जाते. आडगावची बाई मात्र तीनच्या गाडीनं निघालेली असते, कारण त्यानंतरची गाडी मुक्कामाची असते किंवा नसतेच. म्हणजे जिच्याकडे पैसे कमी, तिला भाजी महाग पडते. एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा. बाजार 18 किलोमीटरवर असेल तर तीन टप्पे. 17 मार्च 2023 पासून बाईला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाऊन-येऊन तिशीच्या आसपास भागतं. वडापच्या, म्हणजे खासगी, जीपला अर्धं तिकीट नाही. तिथे माणशी भाडं पूर्ण, आणि पिशव्या टपावर टाकल्या तर काही ठिकाणी वर पाच-दहा रुपये. परतीची एसटी चुकली की जास्तीचे पंचवीस-तीस रुपये जातात, आणि तेवढ्यात पाव किलोच्या वर हरभरा आला असता. ही तुलना घरातल्या माणसांना लगेच पटते, कॅलरीची पटत नाही.

सातशेत आणि दहा किलोत बसणारी एक पिशवी अशी होते. कांदे-बटाटे मिळून दोन किलो (60 रुपये), कोबी, दुधी किंवा लाल भोपळा अडीच किलो (90), वांगी-गवार किलोभर (60), पालेभाजीच्या तीन जुड्या (45), पाच लिंबं (15), हरभरा एक किलो (80), तूरडाळ अर्धा किलो (65), शेंगदाणे अर्धा किलो (70), सोयाबीनच्या वड्या पाव किलो (35), तेल अर्धा लिटर (75), अर्धा डझन केळी (30). झाले 625. उरलेल्या पंच्याहत्तरात तिकीट, चहापत्ती, मिरची. भाव जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे हलतील, पण प्रमाण साधारण हेच ठेवावं. पिशवी भरताना बटाटा-भोपळा तळाशी, पालेभाजी ओल्या फडक्यात गुंडाळून सगळ्यांत वर. अंडी घ्यायची असतील तर धान्याच्या डब्यात दाण्यांत खुपसून आणावीत, रस्ता खराब असला तरी सहसा फुटत नाहीत.

घरी आल्यावर खरी चूक होते ती भाज्यांच्या क्रमात. आवडीप्रमाणे भाजी केली की बटाटा पहिल्याच दिवशी संपतो आणि मेथी तिसऱ्या दिवशी पिवळी पडून गुरांपुढे जाते. फ्रिज नसलेल्या घरात पहिले दोन दिवस पालेभाजी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वांगी, गवार, भेंडी, पाचव्यापासून कोबी, दुधी, भोपळा. अख्खा लाल भोपळा महिनाभर टिकतो, चिरलेली फोड मात्र दोन दिवसांत बुळबुळीत होते. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक भोपळा घेऊन त्याच दिवशी वाटून घ्यावा. शेवटच्या दोन दिवसांसाठी मोड आणावेत. हरभरा-मटकी बाजाराच्या चौथ्या दिवशी रात्री भिजत घातली, सकाळी उपसून फडक्यात बांधली, की पाचव्या-सहाव्या दिवशी भाजी तयार. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. पुरचुंडी जास्त ओली राहिली तर आंबूस वास येतो आणि सगळं टाकावं लागतं, म्हणून पाणी पूर्ण निथळू द्यायचं.

या पिशवीत भाजी सव्वासहा किलो बसली, लागते 8.4. उरलेली तूट बाजारातून भरून निघणं अवघड आहे, ती दारातून भरावी लागते. शेवग्याचं एक झाड, न्हाणीच्या सांडपाण्यावर आळू, कुंपणावर दोडका किंवा घेवडा. पावसाळ्यात तांदुळजा, टाकळा, कुर्डू, घोळ रानात फुकट मिळतात. ही खरीखुरी भाजी आहे, तिला गरिबाघरची म्हणून हिणवायचं कारण नाही. वाईट दिवस फेब्रुवारी ते मे. पाणी नसतं, परसबाग वाळते, नेमकी तेव्हाच बाजारातली भाजी महागते. शेवगा मात्र तेव्हाही तग धरतो. त्याचा कोवळा पाला सावलीत दोन-तीन दिवस वाळवून हातानं चुरला आणि बरणीत भरला, तर आमटीत किंवा भाकरीच्या पिठात माणशी चमचाभर टाकता येतो. उन्हात वाळवला तर रंग जातो आणि अ जीवनसत्त्वही बरंच उडून जातं.

धान्याची गोष्ट वेगळी आहे, कारण ते बाजारातून येत नाही, रेशनवर येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो, जानेवारी 2023 पासून मोफत. चौघांच्या घराला 20 किलो. वरच्या मापानं महिन्याला साडेबावीस किलो लागतं, अंगमेहनतीच्या घरात त्याहून बरंच जास्त, तरीही पोटाचा मोठा भाग इथे भागतो. पण रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. 'मधुमेह आहे, ज्वारीची भाकरी खा' हा सल्ला घरात पोचतो तेव्हा फुकटचा गहू बाजूला ठेवून चाळीस-पन्नास रुपये किलोची ज्वारी विकत आणायला सांगितलेलं असतं. ती एक-दोन आठवडे येते आणि थांबते. मग रुग्णाच्या मनात राहतं की आपल्याला पथ्य जमत नाही. त्यापेक्षा रेशनच्याच चार किलो गव्हात एक किलो हरभरा घालून दळून आणावा. पोळी लाटताना फाटत नाही, चव बिघडत नाही, प्रथिनं वाढतात आणि साखर थोडी सावकाश चढते. भाताची वाटी लहान करावी, आमटीची मोठी.

ज्वारी-बाजरी मागे पडण्याला गिरणी हेही एक कारण आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गव्हाचं पीठ महिनाभर चालतं. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत जुनं होतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि तव्यावर टाकताना तुटते. बाजरीचं पीठ उन्हाळ्यात चार-पाच दिवसांतच कडवट लागायला लागतं, कारण तिच्यात तेलाचा अंश जास्त. गिरणी गावात नसेल किंवा विजेच्या लपंडावानं बंद असेल, तर दर आठवड्याला दळण डोक्यावर न्यावं लागतं. ते ज्यांना जमत नाही ते गव्हाकडे वळतात. विरी गेलेलं पीठ टाकायचं नसेल तर उकळत्या पाण्यात उकड काढून भाकरी करावी, जुळून येते. मनगटं किंवा बोटं आखडली असतील आणि थापणं होत नसेल तर त्याच पिठाची कांदा-कोथिंबीर घालून धिरडी घालावीत.

रेशन दुकानात पॉस मशीनवर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही ही नेहमीची तक्रार. कष्टानं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. हात कोमट पाण्यानं धुवून कोरडे करावेत, दुसरं बोट लावून पाहावं, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नॉमिनीची नोंद आधीच करून ठेवावी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला पोर्टेबिलिटीमुळे कारखान्याच्या गावातल्या रेशन दुकानात धान्य उचलता येतं, आणि मागे राहिलेले आजी-आजोबा आपल्या वाट्याचं गावात उचलू शकतात. अडवणूक झाली तर 1967 वर तक्रार करता येते.

बाजार संपून चार दिवस झाले की उरतं गावातलं दुकान. तिथे जे नासत नाही तेच असतं: बिस्किटं, फरसाण, शेव, साखर, चहा, पाच-दहा रुपयांच्या पुड्या. माल वहीवर मिळतो, हा त्याचा मोठा गुण. आईनं पोराला पाच रुपयांचा पुडा घेऊन दिला की आपण नाक मुरडतो. पण त्या पुड्याला सरपण लागत नाही, वेळ लागत नाही, सुट्टे पाच रुपये पुरतात आणि पोर रडायचं थांबतं. त्याच्या जागी काही ठेवायचं असेल तर ते एवढंच सोपं पाहिजे. बाजारातून आणलेल्या शेंगदाण्यांतले पाच रुपयांचे म्हणजे 35 ग्रॅम, त्यात आठेक ग्रॅम प्रथिनं आणि दोनशे कॅलरी. आणल्याच दिवशी भाजून, गुळाच्या खड्यासोबत डब्यात भरून पोरांच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवले तरच ते खाल्ले जातात. कच्चे ठेवले तर कुटासाठीच संपतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नयेत, ठसका लागून श्वासनलिकेत जातात. कूट करून लाडू वळावा.

कडधान्यं स्वस्त असूनही शिजत नाहीत, कारण गॅस. सिलिंडर महिना-दीड महिना ओढायचा असतो, आणि हरभऱ्याला न भिजवता पाऊण तास आच लागते. आठ तास भिजवून कुकरला लावला तर चार-पाच शिट्ट्या, मग आच बंद करून वाफेवर. बोअरच्या जड पाण्यात मात्र कितीही शिजवलं तरी गणंग राहतात, कारण पाण्यातले क्षार दाण्याची साल घट्ट करतात. असं पाणी आधी उकळून, थंड करून, वरचं नितळ तेवढं घ्यावं. भिजवताना चमचाभर मीठ टाकून ते पाणी फेकून दिलं तरी फरक पडतो. सोडा घालायची सवय बरी नाही, त्यानं ब जीवनसत्त्व जातं आणि रक्तदाबाच्या माणसाच्या पोटात सोडियम वाढतं. जुना हरभरा कशानंच मऊ होत नाही, तो भाजून पीठ करण्याच्याच कामाचा. डाळी-कडधान्यं महिन्यातून एकदा बचत गटानं पोत्यानं आणली तर भाडं विभागलं जातं आणि दर आठवड्याच्या पिशवीत दीड किलो जागा मोकळी होते. पैसे आधी गोळा करावेत आणि वजन सगळ्यांसमोर एकाच काट्यावर व्हावं. असे उपक्रम बहुतेक वेळा याच दोन कारणांनी मोडतात.

दुखणं घरात आलं की वरचा सगळा हिशेब पुन्हा बदलतो. दात नसलेल्या आजीच्या ताटातून पहिल्यांदा शेंगदाणे जातात, मग भाकरीची कड, काकडी, गवार, मटण. कोणी बोलत नाही. ती 'भूक नाही' म्हणते आणि चहात पोळी बुडवून खाते. तिच्यासाठी कुळथाचं पिठलं फार कामाचं आहे. चार मोठे चमचे पीठ, दोन-अडीच वाट्या पाणी, लसणाची फोडणी, दोन आमसुलं. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दहा मिनिटांत होतं, चावावं लागत नाही, आणि भाकरी त्यात दहा मिनिटं कुस्करून ठेवली की ओठांनीही खाता येते.

रक्तदाबाच्या माणसाला बाजाराच्या आदल्या दिवशीचं ताट सगळ्यांत वाईट, कारण भाजी संपली की ठेचा, लोणचं, पापड, सुकट येतात आणि त्या दिवशीचं मीठ दुप्पट होतं. दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा, एवढीच मर्यादा आहे. सुकट सोडायला सांगू नये, तिच्यात भरपूर प्रथिन असतं. भाजून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवावी, पाणी फेकावं, पुन्हा एकदा तसंच करावं, आणि कालवणात वरून मीठ घालू नये. ठेच्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळलं तर चार दिवसांत जिभेला सवय होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पिशवीतली पाच लिंबं त्यांच्यासाठी आहेत. पालेभाजी, हरभरा, शेवग्याचा पाला यांतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. तासभर अंतर ठेवायचं. लोहाची गोळीही चहाबरोबर घ्यायची नाही.

क्षयरोगात तर अन्न औषधाच्या बरोबरीनं चालतं. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना धान्य-डाळींचा जादा शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्यानं क्षयरोग होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. रुग्णाला निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात. पैसे खात्यात आले की तालुक्याला जाऊन काढण्यात एक मजुरी बुडते, त्यामुळे ते बाजाराच्याच दिवशी काढून त्याच पिशवीत अंडी, शेंगदाणे, डाळ यावी. पहिल्या दोन महिन्यांत वजन 5 टक्क्यांनी वाढलं तर जीव वाचण्याची शक्यता खूप सुधारते. 40 किलोच्या माणसाला म्हणजे दोन किलो. म्हणून घरी काटा नसेल तर आरोग्य केंद्रावर, पण वजन दर पंधरा दिवसांनी बघायचंच.

आणि मधुमेहाचा माणूस स्वतःच बाजाराला जात असेल तर त्या दिवसाची सगळ्यांत जास्त काळजी. ग्लिमेपिराइडसारखी रक्तातली साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घेतलं, गाडी गाठायच्या घाईत भाकरी राहिली, आणि दुपारी दोनपर्यंत उन्हात फक्त चहा झाला, की साखर उतरते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, उगाच चिडचिड. लोक ऊन लागलं समजून पाणी पाजतात. अशा वेळी तीन छोटे चमचे साखर किंवा तेवढाच गूळ लगेच तोंडात, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि मग भाकरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन करायचा. साखरेची पुडी खिशात असावी. पिशवीत नको, कारण पिशवी टपावर जाते.

महिन्याच्या तपासणीची तारीख बाजाराच्या वाराची मागून घ्यावी, बहुतेक ठिकाणी विचारलं तर देतात. एक तिकीट आणि एक मजुरी वाचते. मात्र तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर मधुमेहाची गोळी घरून खाऊन निघायचं नाही, ती सोबत न्यायची, आणि हे मागच्याच खेपेला डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यायचं. भाकरी-पिठल्याचा डबा बरोबर हवा. रक्त देऊन झालं की तिथल्याच बाकड्यावर गोळी आणि लगेच भाकरी, बाकीची रांग, औषधं आणि भाजी त्यानंतर.